क्लाइडबँक : गोदी उठून गेल्यानंतर

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून पश्चिमेकडे जाणारी लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत ‘सिंगर’ नावाच्या एका लहानशा स्थानकावर थांबते. पाटी वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो. आईच्या किंवा आजीच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलेल्या, सोनेरी वेलबुट्टीच्या काळ्या शिवणयंत्रावर जे नाव होते तेच हे नाव. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात आलेली ती यंत्रे मोठ्या प्रमाणावर याच गावात तयार झालेली असत. १८८० च्या दशकात उभा राहिलेला तो प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद पडला, इमारती पाडल्या गेल्या, आणि स्थानकाचे नाव तेवढे राहिले.

माझी पुतणी ग्लासगोतील एका रुग्णालयात छातीच्या विकारांच्या विभागात परिचारिका आहे. सुट्टीच्या दिवशी तिने मला इथे आणले. मी निघालो होतो जहाजांचे जन्मस्थान पाहायला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला आगबोटींचे वेड घरातूनच मिळते. ती मात्र वाटेत आपल्या रुग्णांविषयीच बोलत होती. ती म्हणाली, “काका, इथे कुणा आजोबांना दम लागतो म्हटले, की सिगारेटच्या प्रश्नाबरोबर आम्ही दुसरा एक प्रश्न विचारतोच. तरुणपणी काम कुठे करत होता?” त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या दोन-तीन तासांत कळत गेला.

स्थानकापासून नदीपर्यंत चालत जाता येते. मध्ये कालवा लागतो, दुकाने लागतात, बसकी नवी घरे लागतात. जुनी घरे फारशी नाहीत, कारण १३ आणि १४ मार्च १९४१ च्या दोन रात्रींत जर्मन विमानांनी या गावाची राखरांगोळी केली. ५०० हून अधिक माणसे मेली, आणि हजारो घरांपैकी पूर्ण शाबूत राहिलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. गावाचा गुन्हा एवढाच, की इथे जहाजे बांधली जात.

ती कुठे बांधली जात हे शोधावे लागत नाही. नदीकाठी टायटन नावाची अजस्र क्रेन अजून उभी आहे. १९०७ सालची, सुमारे दीडशे फूट उंच. तिच्या पायाशी जॉन ब्राउन कंपनीची गोदी होती. क्लाइड नदी इथे काही फार रुंद नाही. पावसाळ्यातल्या आपल्या एखाद्या खाडीपेक्षाही ती लहान वाटते, आणि हजार फूट लांबीचे जहाज तिच्यात सोडले कसे असेल, असा प्रश्न पडतो. समोर पाहिले की उत्तर मिळते. पलीकडच्या काठावर नेमकी इथेच कार्ट नावाची नदी क्लाइडला येऊन मिळते. जहाज तिरपे त्या मुखाच्या दिशेने घसरत जाई, म्हणून त्याला जागा पुरे. ‘लुसिटानिया’ इथली. १९३४ मध्ये पाण्यात उतरलेली ‘क्वीन मेरी’ इथली. १९३८ ची ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि १९६७ ची ‘क्वीन एलिझाबेथ २’ याही इथल्याच. ‘क्वीन मेरी’चे काम मंदीमुळे दोन वर्षांहून अधिक काळ थांबले, तेव्हा तिचा गंजत उभा असलेला सांगाडा आणि सारे गाव एकमेकांकडे पाहत बसले होते, असे इथले लोक सांगतात.

आज त्या घसरणीच्या जागी वाळवण घातल्यासारखी स्वच्छ फरसबंदी आहे. नवीन घरे, एक महाविद्यालय, एक मोठे आरोग्य केंद्र, आणि नदीकडे तोंड केलेले वृद्धांचे काळजी-निवास. खिडकीशी आरामखुर्च्या मांडलेल्या बाहेरून दिसतात. ज्या जमिनीवर लोखंडावर घण घालत तारुण्य गेले, तिथेच म्हातारपणी शाल पांघरून बसायचे, असे काहींच्या नशिबी आले असेल. मला ते दृश्य वाईट वाटले नाही. पण पुतणीने मग धुळीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

वाफेवर चालणारे जहाज म्हणजे पोटात भट्टी बाळगणारे लोखंडी शहर. बॉयलरपासून यंत्रांपर्यंत आणि यंत्रांपासून खोल्यांपर्यंत मैलोन्‌मैल नळ. त्यांच्यातली उष्णता बाहेर जाऊ नये, आग पसरू नये, म्हणून त्यांना अॅस्बेस्टॉसचे वेष्टण असे. अॅस्बेस्टॉस हा खनिज धागा. जळत नाही, कुजत नाही, स्वस्त मिळतो. नळांना वेष्टण घालणारे कामगार अॅस्बेस्टॉसची पूड पिंपात पाण्याने कालवून तिचा लगदा हातांनी लिंपत. क्लाइडकाठी त्या लगद्याला ‘माकडाची विष्ठा’ असे चेष्टेचे नाव होते. पोरसवदा उमेदवार कामगार त्याचे गोळे करून एकमेकांना मारत, बर्फाच्या गोळ्यांसारखे. कोरडी पूड ओतताना आणि जुने वेष्टण फोडताना जहाजाच्या बंद पोटात पांढरे धुके भरे.

आता मुद्दा असा, की त्या बंद पोटात वेष्टण घालणारे एकटे नसत. शेजारी वीजतंत्री तारा ओढत असे, वेल्डर जोड देत असे, सुतार अॅस्बेस्टॉसचेच फळे करवतीने कापून भिंती उभ्या करत असे, प्लंबर, रंगारी, झाडूवाला सगळे त्याच हवेत. ज्याने आयुष्यात अॅस्बेस्टॉसला हात लावला नाही तोही ते श्वासावाटे घेत होता. संध्याकाळी तो ती धूळ कपड्यांवर घेऊन घरी जाई. घरी बायको ते कपडे धुण्यापूर्वी झटके. मुले बापाच्या गळ्यात पडत. गावाच्या पश्चिम टोकाला डालमूर इथे १९३८ पासून १९७० पर्यंत अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखानाही चालू होता. म्हणजे जी माणसे गोदीत नव्हती त्यांतलीही काही तिकडे होती.

हा धागा फुप्फुसात गेला की शरीर त्याला विरघळवू शकत नाही. त्यातून कालांतराने जे होते त्याचे प्रकार वाचकांनी वेगवेगळे ओळखावेत, कारण त्यांची गल्लत नेहमी होते. फुप्फुसाच्या आवरणावर घट्ट चकत्या तयार होतात. बहुधा त्या त्रास देत नाहीत, पण धूळ आत गेल्याची खूण म्हणून राहतात. दीर्घकाळ भरपूर धूळ घेतलेल्यांना अॅस्बेस्टॉसिस होतो. फुप्फुस आतून वणांनी कडक होत जाते आणि जिना चढताना लागणारा दम हळूहळू बसल्या जागी लागू लागतो. फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि धूम्रपान करणाऱ्यात त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. चौथा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. थोड्या धुळीनेही तो होऊ शकतो, आणि धूळ घेतल्यापासून तो उघड व्हायला साधारण तीस-चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. निदान झाल्यावर मात्र बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्षाहून जास्त काळ राहत नाही. ब्रिटनमध्ये आजही दरवर्षी २,००० हून अधिक माणसे या एका रोगाने दगावतात, आणि क्लाइडबँक ज्या जिल्ह्यात आहे तो वेस्ट डन्बार्टनशर या मृत्यूंच्या प्रमाणात देशातल्या सर्वांत वरच्या भागांपैकी एक आहे.

वीस वर्षांचा मुलगा गोदीत लागला, साठीत निवृत्त झाला, सत्तरीत त्याच्या छातीत पाणी झाले. मग त्याच्या मुलीने विचारले, याला जबाबदार कोण? ती बोट दाखवायला गेली तर समोर गोदीच नाही. जॉन ब्राउनची गोदी १९६८ मध्ये इतरांबरोबर एका मोठ्या संयुक्त कंपनीत विलीन झाली. ती कंपनी १९७१ मध्ये बुडाली. कामगारांनी संप न करता उलट गोदीचा ताबा घेऊन काम चालू ठेवले, ते आंदोलन जगभर गाजले. पुढे जागा अमेरिकी कंपनीकडे गेली, नंतर फ्रेंच मालकीकडे, आणि २००१ च्या सुमारास काम कायमचे थांबले. वेष्टणाचे काम करणारे ठेकेदार तर केव्हाच अंतर्धान पावले होते. रोगाची गती माणसाच्या म्हातारपणाइतकी सावकाश, आणि कंपन्यांचे आयुष्य त्याहून कमी. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची गाठ इथे आहे.

“आम्हाला ठाऊक नव्हते” हे मालकांचे पहिले उत्तर असे. ते कितपत टिकते? ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय निरीक्षकांनी अॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचा अहवाल १९३० मध्येच दिला होता. १९३१ मध्ये त्यावर नियम झाले, पण ते मुख्यतः अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी. ऑगस्ट १९४५ मध्ये कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाने जहाजबांधणी आणि दुरुस्ती करणाऱ्यांना पत्र लिहून वेष्टणाच्या धुळीविषयी सावध केले. १९६० मध्ये खास जहाजबांधणीसाठी नियम आले. १९६५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले की कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना आणि कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांनाही मेसोथेलिओमा होतो. निळे आणि तपकिरी अॅस्बेस्टॉस ब्रिटनमध्ये १९८५ ला बंद झाले, पांढरे १९९९ ला. या तारखा एकाखाली एक मांडल्या, की १९४५ नंतर गोदीच्या कचेरीत ज्ञानाची नव्हे, इच्छेची उणीव होती असे म्हणावे लागते.

जहाजमालकांनीही हेच उत्तर देऊन पाहिले. शेल कंपनीच्या तेलवाहू जहाजांवर १९५० च्या दशकात एक अभियंता नोकरीस होता. समुद्रात असताना नळ दुरुस्त करायचे तर आधी त्यांचे वेष्टण फोडावे लागे. पुढे अनेक वर्षांनी तो मेसोथेलिओमाने वारला. कंपनीचे म्हणणे, कारखान्यांचे नियम जहाजाला लागू नव्हते आणि थोड्या धुळीचा धोका तेव्हा कुणाला कळला नव्हता. २००१ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. धुळीने इजा होते हे माहीत आहे, पण सुरक्षित मर्यादा कोणती हे माहीत नाही, अशा वेळी शहाण्या मालकाने काळजी घ्यायची असते, अज्ञानाचा फायदा घ्यायचा नसतो, असा त्या निकालाचा आशय. बोटीवर आयुष्य घालवलेल्यांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. गोदीचा मालक आणि जहाजाचा मालक या दोघांवरही दायित्व येऊ शकते. ते एकमेकांकडे बोट दाखवतील, पण त्याने कामगाराचा हक्क बुडत नाही. शाही नौदलातल्या खलाशांना मात्र एवढेही नशिबी नव्हते. १९४७ च्या कायद्याने सैनिकांना सरकारवर दावा लावता येत नसे. ती तरतूद १९८७ मध्ये उठली, पण मागील काळासाठी नाही. त्यांच्यातल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांना एकरकमी १,४०,००० पौंड घेण्याचा पर्याय मिळाला तो २०१६ मध्ये.

दुसरी अडचण मुदतीची. दावा तीन वर्षांत लावा, असा नियम. पण तीन वर्षे कधीपासून? शेफील्डच्या ओतकामगारांच्या खटल्यात १९६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सला म्हणावे लागले की इजा झाली तेव्हापासून, मग ती कामगाराला कळलेली असो वा नसो. म्हणजे रोग कळण्यापूर्वीच हक्क मेलेला. न्यायाधीशांना स्वतःलाच हा निकाल अन्यायाचा वाटला, आणि संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून माणसाला कळल्यापासून मुदत मोजण्याचा मार्ग काढला.

तिसरी अडचण अधिक चमत्कारिक. समजा एक माणूस पाच गोद्यांत काम करून आला. घातक धागा नेमका कुणाच्या गोदीतला? वैद्यकशास्त्र ते सांगू शकत नाही. मग पाचही मालक म्हणणार, आमच्याचमुळे झाला हे सिद्ध करा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य करून रुग्णांना रिकाम्या हाताने परत पाठवलेही होते. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो उलटवला. ज्याने ज्याने बेपर्वाईने धोका वाढवला तो जबाबदार, असे ठरले. मे २००६ मध्ये त्याच सभागृहाने पुन्हा सांगितले की प्रत्येकाने आपल्या हिश्शापुरतेच द्यावे. पाचांतले तीन बुडालेले असतील तर तीन हिस्से रुग्णाच्या कपाळी. त्यावर एवढी ओरड झाली की तीन महिन्यांच्या आत संसदेने कायदा करून मेसोथेलिओमापुरती पूर्ण भरपाई कुणाही एकाकडून घेता येईल असे केले. बाकीच्यांकडून आपला वाटा त्याने मग वसूल करत बसावे.

बुडालेल्या कंपनीचे काय? तिथे विमा कामास येतो. मालकाने कामगारांसाठी विमा उतरवलाच पाहिजे, हा ब्रिटिश कायदा १९६९ चा, अंमल १९७२ पासून. कंपनी संपते, विमा पत्र राहते. विमा कंपन्यांनी येथेही शब्दांचा किस काढला : आमचा विमा रोग ‘उद्भवण्याचा’, आणि रोग तर विम्याच्या काळानंतर उद्भवला! २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धूळ ज्या काळात गेली त्या काळचा विमा लागू. ज्यांचा मालकही सापडत नाही आणि विमाही सापडत नाही, अशांसाठी १९७९ चा एक कायदा आणि २०१४ चा दुसरा कायदा आहे. त्यांतून मिळणारी रक्कम खटल्यात मिळते त्याहून बहुधा कमी असते, पण जिवंतपणी हाती येते.

कालव्याकाठी आम्ही चहा प्यायला बसलो, तेव्हा पुतणीने मला सांगितलेली गोष्ट या सर्वांहून मनात राहिली. स्कॉटलंडचा पूर्वीचा कायदा असा, की रुग्णाने जिवंतपणी आपला दावा मिटवून पैसे घेतले, तर त्याच्या पश्चात पत्नीला आणि मुलांना त्यांच्या दुःखाबद्दल वेगळा दावा करता येत नसे. त्याने काही न घेता डोळे मिटले, तर मात्र घरच्यांना एकूण अधिक मिळे. म्हणजे मरणाऱ्या माणसापुढे निवड अशी : उरलेल्या महिन्यांत हवा भरलेली गादी, घरी येणारी परिचारिका, ऊब यांसाठी पैसे घ्यायचे, की बायकोसाठी ते सोडून द्यायचे? पुष्कळांनी सोडून दिले. गोदीतल्या माणसांना स्वतःसाठी मागायची सवय नव्हती. त्यांच्या मुली शेजारी बसून हे पाहत होत्या, आणि बापाला “घ्या हो पैसे” म्हणायचीही त्यांना लाज वाटे, कारण न घेण्यात फायदा त्यांचाच होता. २००७ मध्ये एडिंबरोच्या संसदेने हा नियम मेसोथेलिओमापुरता बदलला. रुग्णाने आपले घ्यावे, घरच्यांचे त्यांना नंतर मिळेल. क्लाइडकाठच्या रुग्णसंघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले होते. त्यांतली क्लाइडबँकची संघटना १९९२ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. अर्ज भरून देणे, जुने सहकारी शोधून देणे, रुग्णालयात सोबत जाणे, अशी तिची कामे. गावात अॅस्बेस्टॉसने गेलेल्यांचे स्मारकही आहे.

त्याच संसदेने २००९ मध्ये, आवरणावरच्या निरुपद्रवी चकत्यांबद्दलही स्कॉटलंडमध्ये भरपाई मागता येईल असा कायदा केला. इंग्लंडमध्ये ती मागता येत नाही. तिथे २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नाही म्हटले होते. विमा कंपन्या स्कॉटिश कायद्याविरुद्ध लढल्या आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. त्रास न देणाऱ्या चकतीला पैसे कशाला, असे कुणी विचारील. ज्याने आपले दोन सोबती मेसोथेलिओमाने गेलेले पाहिले आहेत त्याच्या हाती ती क्ष-किरणांची फिल्म ठेवून हा प्रश्न विचारावा.

आपला याच्याशी संबंध काय, असे वाटणाऱ्या वाचकांसाठी थोडे घरचे. ग्लासगो आणि मुंबई यांच्यामध्ये अँकर लाइनच्या प्रवासी बोटी १९६६ पर्यंत ये-जा करत. विलायतेला शिकायला गेलेल्या कितीतरी मराठी मुलांनी ‘सिलिसिया’ किंवा ‘सर्केशिया’चा डेक पाहिलेला आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर सारंग, तांडेल, खलाशी म्हणून कोकणातली माणसे होती, आणि खानपानाच्या कामावर गोव्याची. आमच्या गावात ‘बोटीवरचे’ म्हणून ओळखली जाणारी चार-पाच घरे होती. त्या घरांतले पुरुष पावसाळ्यात येत, नारळाच्या झाडांना आळी करत आणि पुन्हा जात. म्हातारपणी त्यांतल्या काहींना दमा होता असे आम्ही म्हणायचो. तो दमाच होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्यांना तो प्रश्न कधी कुणी विचारला नाही.

जहाजे जन्मायला क्लाइडला जात, मरायला मात्र आपल्याकडे येतात. टाइनच्या काठी पाण्यात उतरलेली आणि बेलफास्टला पूर्ण झालेली आपली ‘विक्रांत’ मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली, २०१४ च्या अखेरीस काम सुरू झाले. गुजरातच्या अलंगला फ्रान्सने पाठवलेली ‘क्लेमान्सो’ ही युद्धनौका अॅस्बेस्टॉसवरून वादळ उठल्याने २००६ मध्ये माघारी बोलावण्यात आली आणि शेवटी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तुटली. त्याच वर्षी आलेल्या ‘ब्लू लेडी’ला, म्हणजे पूर्वीच्या ‘फ्रान्स’ या प्रवासी जहाजाला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तोडण्याची परवानगी दिली. तोडकामात वेष्टण पुन्हा फुटते, धुके पुन्हा उठते. फरक इतकाच की इथला कामगार परगावचा, रोजंदारीचा, आणि जहाजाचा मूळ मालक मधल्या विक्रीने केव्हाच दृष्टीआड झालेला असतो. २०२१ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने, बांगलादेशात जहाज तोडताना मृत्यू पावलेल्या एका कामगाराच्या पत्नीचा जहाजविक्रीशी संबंधित ब्रिटिश कंपनीवरचा दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. तो मृत्यू उंचावरून पडून झाला होता, धुळीने नव्हे. पण विकून मोकळे झालो म्हणजे दायित्वातूनही मोकळे झालो, हे मालकांचे गृहीतक तिथे प्रथमच डळमळले.

आपल्याकडे २७ जानेवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, अॅस्बेस्टॉसच्या कामगारांविषयीचा. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असे तो सांगतो. त्यातली एक आज्ञा मला क्लाइडबँकमध्ये फिरताना पुनःपुन्हा आठवली : प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद मालकाने नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी. न्यायालयाला रोगाची सावकाश चाल ठाऊक होती. कागद तेवढे टिकले असते तर!

तोवर घरच्यांनी करायचे ते फार नाही. बंदर, गोदी, जहाज, बॉयलर, वीजकेंद्र, गिरणीतली भट्टी, रेल्वेचे कारखाने, अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे बनवणारे कारखाने, यांपैकी कुठे वडिलांनी किंवा सासऱ्यांनी काम केले असेल आणि आता त्यांना दम लागत असेल, कोरडा खोकला राहत असेल, छातीच्या एका बाजूला दुखत असेल, पाणी झाले असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे, साल आणि कामाचे स्वरूप यांसह. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. आईने ते कपडे धुतले असतील तर तिच्याविषयीही सांगावे. धूम्रपान चालू असेल तर या वयातही सोडण्याने लाभ होतो. घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते करवतीने कापू नयेत, फोडू नयेत, कोरडे झाडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत, आणि ते काम घरातल्या म्हाताऱ्या-पोरांना दूर ठेवून करावे. नुसते छपरावर धड असलेले पत्रे पाहून भिण्याचे कारण नाही.

कागदांचेही पाहावे. स्कॉटलंडमध्ये रुग्ण फार थकलेला असेल तर त्याची साक्ष त्याच्या बिछान्याशी बसून नोंदवतात, कारण कोणत्या साली, कोणत्या जहाजाच्या कोणत्या भागात, शेजारी कोण होते, हे जगात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसते. आपल्याकडे खलाशाचे सीडीसीचे पुस्तक असते. त्यात जहाजाचे नाव, हुद्दा, चढल्याची आणि उतरल्याची तारीख ओळीने लिहिलेली असते, शिक्क्यासह. गोदीतल्या माणसाकडे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, पगाराचा कागद असतो. आमच्या गावी अशी पुस्तके मी देवघराच्या फडताळात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली ठेवलेली पाहिली आहेत. परत आल्यावर मी त्यांतल्या एका घरी फोन केला. त्या घरातल्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजींचं पुस्तक आहे की, मागच्या दिवाळीत रद्दीत टाकणार होते.” पुस्तकात नऊ जहाजांची नावे आहेत. ती त्यांनी मला सावकाश वाचून दाखवली, आणि मी ती लिहून घेतली.